काच का फुटते आणि तिची ताकद एवढी का बदलते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडकीची काच असो, चहाचा ग्लास असो, मोबाइलचा स्क्रीन असो की बाथरूममधलं शॉवरचं दार; तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "काहीच केलं नव्हतं, मग फुटली कशी?" त्या प्रश्नाची आणि त्याच्या आजूबाजूच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. उत्तरं देताना माझा एक आग्रह सगळीकडे दिसेल. काचेची जाडी आणि कंपनी विचारण्याआधी तिच्या पृष्ठभागाची आणि कडांची चौकशी करा. काचेची ताकद बहुतांशी तिथेच ठरते.

काच मुळातच कमकुवत असते का?

नाही. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंमधले बंध फार पक्के असतात. ते सगळे एकाच वेळी तोडायला किती ताण लागेल याचा हिशेब मांडला, तर उत्तर ७,००० ते १०,००० मेगापास्कलच्या घरात येतं. (१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलोचा भार.) बांधकामातलं नेहमीचं पोलाद ४००-५०० मेगापास्कलला तुटतं. कागदावर काच पोलादाला कितीतरी मागे टाकते.

प्रत्यक्षात खिडकीची साधी काच ३० ते ७० मेगापास्कलला फुटते. शंभर-दोनशे पटींची ही तफावत कुठून आली, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. बाकीचे सगळे प्रश्न त्याचेच फाटे आहेत.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे: काच दाबल्याने सहसा फुटत नाही, ओढली गेल्याने फुटते. काच वाकवली की तिची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. तडा सुरू होतो तो ताणलेल्या बाजूने.

मग एवढी ताकद जाते कुठे?

पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमध्ये. काच पुसताना फडक्यात अडकलेला वाळूचा कण, ट्रकमध्ये दोन काचा एकमेकींवर घासणं, काचेच्या भांड्यावर भांडं ठेवणं, यातल्या प्रत्येकाने काचेवर चिरा पडतात. बहुतेक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

कापडाचा दुकानदार ताग्याला कात्रीने लहानसा काप देतो आणि मग कापड हाताने टर्रकन फाडतो. काप दिला नाही तर तेच कापड फाडताना घाम फुटेल. काचेतल्या चिरेचं काम त्या कापासारखंच आहे. सगळ्या काचेवर पसरायला हवा तो ताण चिरेच्या टोकाशी येऊन साचतो. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये गणिताने दाखवलं, की छिद्र जितकं लांबट आणि त्याचं टोक जितकं अणकुचीदार, तितका टोकाशी ताण जास्त. काचेतल्या चिरेचं टोक जवळजवळ अणूएवढं बारीक असतं. एकूण काचेवर ताण मामुली असला, तरी टोकाजवळच्या मोजक्या बंधांवर तो प्रचंड असतो. ते तुटतात, टोक पुढे सरकतं आणि पुढच्या बंधांची पाळी येते.

धातूवरही ओरखडे असतात. तो असा का फुटत नाही?

धातूत अणूंचे नीट रचलेले थर असतात आणि ताण आला की ते एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे चिरेचं टोक बोथट होतं आणि ताण पसरतो. काचेत अणूंची रचना अस्ताव्यस्त असते, सरकायला थरच नसतात. चिरेला अडवण्याची ताकद मोजायचं एक माप आहे. त्या मापात साध्या काचेचा आकडा सुमारे ०.७५ येतो आणि साध्या पोलादाचा सहज ५० च्या वर जातो. पोलाद आधी वाकून इशारा देतं. काच देत नाही.

हे कुणी शोधून काढलं?

ॲलन ग्रिफिथ. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमानसंशोधन केंद्रात तो अभियंता होता. त्याला चिंता धातूच्या भागांवरच्या ओरखड्यांची होती, पण प्रयोगासाठी त्याने काच निवडली, कारण काचेचं वागणं हिशेबात बसवायला सोपं. त्याचा शोधनिबंध १९२१ मध्ये छापला गेला आणि पदार्थ तुटण्याचं आजचं शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात.

त्याने दोन गोष्टी केल्या. काचेच्या पोकळ गोळ्यांवर आणि नळ्यांवर मुद्दाम चिरा पाडल्या, आतून दाब देऊन त्या फोडल्या आणि दाखवून दिलं की चीर जितकी लांब तितका कमी ताण पुरतो. चीर चौपट लांब झाली की ताकद निम्मी होते. यामागचा त्याचा विचार ऊर्जेचा होता. चीर पुढे गेली की ताणलेल्या काचेतली साठलेली ऊर्जा मोकळी होते, पण नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चही होते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की चीर थांबत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. त्याने काच तापवून तिचे तंतू ओढले. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा तंतू १७० मेगापास्कलच्या आसपास तुटला. तंतू जसजसा बारीक, तसतशी ताकद वाढत गेली आणि ३ मायक्रॉनच्या (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतूने जवळपास ३,४०० मेगापास्कल सोसले. काच तीच होती. नुकताच ओढलेला तंतू काही तासांत कमकुवत होतो, हेही त्याला दिसलं होतं.

चीर केवढी असली की काच फुटते?

हिशेब करून पाहू. पृष्ठभागावर १०० मायक्रॉन खोल, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग एवढी चीर असेल, तर साधी काच सुमारे ३८ मेगापास्कलला फुटेल. चीर १० मायक्रॉनची असेल तर १२० ला. १ मायक्रॉनची असेल तर ३८० च्या आसपास. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमच्या खिडकीची ताकद केसाच्या जाडीएवढ्या चिरांवर ठरते. "काच तर स्वच्छ दिसतेय" या म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

उलट बाजूने पाहायचं तर ऑप्टिकल फायबर बघा. आपलं इंटरनेट ज्या काचेच्या तंतूंतून येतं, ते १२५ मायक्रॉन जाडीचे असतात. भट्टीतून ओढता ओढताच, कशाचाही स्पर्श होण्याआधी, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा लेप चढवतात. त्या लेपामुळे पृष्ठभाग अस्पर्श राहतो आणि थोड्या लांबीचा असा तंतू ५,००० मेगापास्कलपर्यंत ताण सोसू शकतो. केसाच्या दुप्पटही जाड नसलेल्या काचेच्या तंतूला सहा किलोचं वजन टांगण्यासारखं आहे हे.

एकाच खोक्यातले सहा ग्लास. एक पहिल्याच आठवड्यात फुटतो, दुसरा वीस वर्षं टिकतो. असं का?

कारण प्रत्येकाच्या वाट्याला आलेली सर्वांत वाईट चीर वेगळी असते. काच सरासरी चिरेमुळे फुटत नाही. ताणलेल्या भागात जी सर्वांत वाईट चीर असेल तिच्यामुळे फुटते. त्यामुळे काचेची ताकद एका आकड्यात सांगताच येत नाही, शक्यतेच्या भाषेत सांगावी लागते. वालोदी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने १९३९ मध्ये यासाठी जे गणित मांडलं ते आजही वापरतात.

याचे दोन परिणाम व्यवहारात जाणवतात. मोठ्या काचेवर वाईट चीर सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच जाडीची आणि त्याच भट्टीतली मोठी काच सरासरीने लहान काचेपेक्षा कमी ताणाला फुटते. आणि "या काचेवर मी दहा वर्षं बसतोय, काही होत नाही" हा पुरावा फक्त त्या एका काचेबद्दल असतो. शेजाऱ्याने तशीच काच आणली तर ती तसंच वागेल याची हमी नाही.

जुनी काच कमकुवत होते का?

हो, पण वय झालं म्हणून नव्हे. जितकी हाताळली, घासली, खरवडली तितक्या चिरा वाढल्या म्हणून. कारखान्यांना हे पक्कं माहीत असतं. बाटली साच्यातून निघाल्यावर ती गरम असतानाच तिच्यावर टिन ऑक्साइडचा अतिपातळ थर देतात, आणि थंड झाल्यावर वरून पॉलिथिनसारखा गुळगुळीत लेप, म्हणजे पट्ट्यावरून जाताना बाटल्या एकमेकींवर घासून त्यांची ताकद जाऊ नये.

वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण. धुळीने भरलेली काच कोरड्या फडक्याने पुसणं हा तिला इजा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आधी पाणी मारा, धूळ वाहून जाऊ द्या, मग पुसा. भांड्यांना तारेची घासणी लावू नका. मला विचाराल तर घरातल्या काचेसाठी याहून चांगली काळजी दुसरी नाही.

जुन्या काचा खाली जाड होतात, म्हणजे काच हळूहळू वाहते, हे खरं का?

नाही. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही. जुन्या चर्चमधल्या काचा कुठे जाड, कुठे पातळ आहेत, कारण त्या काळी एकसारखी जाड काच बनवताच येत नव्हती.

पाण्याने काच कमकुवत होते असं ऐकलं. काचेला पाणी काय करणार?

खूप काही. चिरेच्या टोकाशी ताणलेला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध असतो. तिथे पाण्याचा रेणू पोचला की तो बंध फोडतो आणि स्वतः दोन भागांत वाटला जाऊन दोन्ही तुटक्या टोकांना चिकटतो. नुसत्या ताणाने जो बंध तुटला नसता, तो ताण आणि पाणी मिळून तोडतात. हवेतली वाफसुद्धा त्याला पुरते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये वेगवेगळ्या आर्द्रतेत चिरांचा वेग मोजून दाखवला. हवा जितकी दमट, तितकी चीर वेगाने सरकते.

हे सरकणं इतकं सावकाश असू शकतं, की चीर फुटण्याच्या लांबीपर्यंत पोचायला महिने किंवा वर्षं लागतात. काचेवर भार तोच राहतो, आत चीर वाढत असते आणि एक दिवस मर्यादा ओलांडली जाते. "रात्री दोन वाजता, घरात कुणी जागं नसताना टेबलाची काच फुटली" अशा हकिगतींपैकी काहींमागे हेच कारण असतं. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला ही रासायनिक क्रिया थांबते आणि तीच काच दुपटी-तिपटीने जास्त ताण सोसते.

मग काचेच्या फळीवर कायमचं वजन ठेवावं की नाही?

ठेवावं, पण हिशेब वेगळा करावा. वाऱ्याचा झोत काही सेकंदांचा असतो; पुस्तकांचं वजन वर्षानुवर्षं तिथेच असतं. नेहमीच्या काचेचं गणित मांडलं तर ती तीन सेकंद जितका भार पेलते, त्याच्या साधारण एक तृतीयांश भार दहा वर्षं पेलेल. फिश टँक, काचेच्या फळ्या, काचेचं छत, काचेच्या पायऱ्या या सगळ्यांना हे लागू आहे. फळीवर एकदा उभं राहून "बघा, पेलते" असं दाखवणारा फिटर तुम्हाला फक्त काही सेकंदांची ताकद दाखवत असतो.

फिश टँक घरी बनवून घेणाऱ्यांना विशेष विनंती: पाण्याची उंची वाढली की तळाशी दाब वाढतो, तेव्हा जाडी उंचीवरून ठरवा, लांबी बघून अंदाजाने नको. आणि कड घासून गुळगुळीत केलेलीच काच घ्या.

काचवाला नुसती रेघ ओढून काच सरळ कशी तोडतो?

तो चिरेला कामाला लावतो. कटरचं चाक किंवा हिरा काचेत खोल जात नाही, पण रेघेखाली एक सलग उभी चीर तयार करतो. मग रेघ ताणल्या बाजूला ठेवून काच वाकवली की चीर त्याच वाटेने खाली जाते. कसलेला कारागीर रेघ एकदाच ओढतो. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवला तर बाजूला भलत्या चिरा फुटतात आणि कड खराब होते.

कापलेल्या कडेवर मात्र चिरांची रांग उरते. म्हणून काचेचा सर्वांत कमकुवत भाग बहुधा कड हाच असतो आणि कड घासून देण्याचे दुकानदार जे पैसे मागतो ते द्यावेत. नुसतं बोट कापू नये एवढ्यासाठी ते नसतं, काच टिकण्यासाठीही असतं. चहाच्या ग्लासाची किनार ज्योतीने वितळवून गोल करतात, त्यानेही चिरा मिटतात.

गरम चहा ओतला की ग्लास का तडकतो? आणि जाड ग्लास आधी का तडकतो?

गरम झालेली काच प्रसरण पावते. आतला थर तापून पसरू पाहतो, बाहेरचा अजून गार असतो, त्यामुळे बाहेरचा ताणला जातो. साध्या काचेचं प्रसरण पूर्ण अडवलं गेलं, तर आतबाहेरच्या प्रत्येक अंश सेल्सिअस फरकामागे सुमारे ०.८ मेगापास्कल ताण येऊ शकतो. ५० अंशांचा फरक झाला की ४० मेगापास्कल, म्हणजे चीर असलेल्या काचेच्या फुटण्याची मर्यादा. पातळ काचेत उष्णता पटकन आरपार जाते आणि फरक मिटतो. जाड काचेत तो रेंगाळतो. म्हणून इथे जाडी उपयोगाची तर नाहीच, उलट घातक आहे.

गरम काचेवर गार पाणी पडणं याहून वाईट. तेव्हा पृष्ठभागच आक्रसू पाहतो आणि थेट ताणला जातो, आणि चिरा तर पृष्ठभागावरच असतात. कराडजवळच्या ओगलेवाडीत बनलेले प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होते. ते वापरलेल्या पिढीला सांगायला नको, की पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकायची.

बोरोसिलिकेट काच वेगळी काय असते?

ती तापल्यावर कमी पसरते. एका अंशाला साधी काच दर मीटरमागे सुमारे ९ मायक्रॉन वाढते, बोरोसिलिकेट ३.३ आणि शुद्ध सिलिकाची काच अवघी ०.५. म्हणून बोरोसिलिकेटमध्ये त्याच फरकाला ताण साधारण एक तृतीयांश येतो. ही काच जर्मनीतल्या येना इथे ओटो शॉटने १९ व्या शतकाच्या शेवटी विकसित केली आणि कॉर्निंग कंपनीने १९१५ पासून पायरेक्स या नावाने ती स्वयंपाकघरात आणली. लक्षात घ्या, आदळण्याच्या बाबतीत ती साध्या काचेहून फार मजबूत नसते. फरशीवर पडली तर फुटेलच.

खिडकीची काच उन्हाळ्यात आपोआप तडकते, ते का?

काचेचा मधला भाग उन्हात तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते. मधला भाग पसरून कडेला ओढतो आणि कडेवर चिरांची रांग आधीच हजर असते. कड ठीकठाक असलेली साधी काच ४० अंशांच्या आसपासचा फरक सोसते. कड टवके उडालेली असेल तर त्याहून कमी.

काचेवर काळी फिल्म चिकटवली, आतून जाड पडदा काचेला टेकवून सोडला किंवा अर्ध्या काचेवर सावली पडत असेल तर फरक वाढतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हात गडद फिल्म लावायची असेल, तर आधी काच टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली, आहे का हे पाहा. अशा तड्याची एक खूणही आहे: तो कडेपासून निघतो, सुरुवातीला कडेशी काटकोन करतो आणि मग वळणं घेत आत शिरतो.

टफन्ड काच म्हणजे नेमकं काय करतात?

तयार काच ६२० अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून झटकन गार करतात. बाहेरचे थर आधी घट्ट होतात. आतला भाग नंतर गार होऊन आक्रसतो आणि बाहेरच्या थरांना आत खेचतो. त्यामुळे पृष्ठभागावर १०० मेगापास्कलच्या आसपास दाब कायमचा बसतो आणि मधल्या भागात ताण राहतो.

वर सांगितलं की काच ओढल्यानेच फुटते. इथे चिरा असलेला पृष्ठभाग आधीच दाबलेला आहे. बाहेरच्या ताणाला आधी तो दाब संपवावा लागतो आणि मगच चीर उघडते. चिरा तशाच असतात, फक्त मिटून ठेवलेल्या असतात. त्यामुळे ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते आणि तापमानातला मोठा फरकही सोसते.

पण एखादी चीर दाबाचा थर ओलांडून आत पोचली, की आतला साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि सगळी काच बारीक, बोथट तुकड्यांत विखुरते. म्हणूनच टफन्ड काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. मापं, भोकं, खाचा सगळं आधी.

हे तत्त्व खूप आधी लोकांनी पाहिलं होतं. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला थेंब तयार होतो. डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो आणि शेपटी मोडली की अख्ख्याचा भुगा होतो. राजपुत्र रूपर्टने असे थेंब इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिले आणि १६६१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांची चर्चा झाली. १९९४ मध्ये मुनावर चौधरी आणि श्रीनिवासन चंद्रशेखर यांनी वेगवान छायाचित्रणाने त्यातला तडा पकडला. तो सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. पुढच्या मोजणीत थेंबाच्या पृष्ठभागावर ७०० मेगापास्कलपर्यंत दाब आढळला. काच मुद्दाम झटकन गार करून मजबूत करण्याचं पेटंट मात्र १८७४ मध्ये फ्रान्सच्या द ला बास्ती याने घेतलं. तो काच गरम तेलात बुडवत असे.

टफन्ड काच कुणीही हात न लावता फुटू शकते का?

हो. क्वचित, पण नक्की. वितळलेल्या काचेत निकेल आणि गंधक एकत्र येऊन निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म खडा राहू शकतो. हा पदार्थ ३७९ अंशांच्या वर एका रूपात असतो आणि खाली दुसऱ्या, थोड्या फुगलेल्या रूपात. टफन करताना काच इतकी झटकन गार होते की खड्याला रूप बदलायला वेळ मिळत नाही. मग तो महिन्यांनी, वर्षांनी सावकाश बदलतो, २ ते ४ टक्के फुगतो, आणि काचेच्या मधल्या ताणलेल्या भागात असेल तर चीर सुरू करतो. मेलबर्नच्या आयसीआय हाउस इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्यावर बॅलंटाइन या संशोधकाने १९६१ मध्ये हे कारण शोधलं.

यावर उपाय आहे. टफन्ड काचा बसवण्याआधी २६० ते २९० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात, म्हणजे ज्यांच्यात असे खडे आहेत त्या बहुतेक तिथेच फुटतात. याला हीट सोक चाचणी म्हणतात. लोकांच्या डोक्यावर येणाऱ्या प्रत्येक टफन्ड काचेसाठी ही चाचणी मागा. खर्च वाढतो, पण दहाव्या मजल्यावरून खाली येणाऱ्या तुकड्यांपुढे तो काहीच नाही.

मग शॉवरचं दार फुटलं तर दोष निकेल सल्फाइडचाच?

बहुधा नाही. आधी कडा आणि बिजागऱ्या पाहा. दाराची खालची कड किंवा कोपरा टाइलला आपटणं, बिजागरीचा स्क्रू जास्त आवळणं, काच आणि धातूमधलं रबर निघून जाणं ही कारणं कितीतरी अधिक आढळतात. टाइल काचेहून कठीण असते. टफन्ड काच सपाट बाजूवर जोरदार मार सोसते, पण कोपऱ्यावर टाइलचा छोटासा टोला पुरतो. त्या वेळी काही झालं नाही तरी चीर पडलेली असते आणि ती नंतर काम करते.

फुटल्यावर पडू नये अशी काच हवी असेल तर?

लॅमिनेटेड. दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. काच फुटते, पण तुकडे त्याला चिकटून राहतात. गाडीची पुढची काच अशी असते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो तडकला पण विखुरला नाही, कारण त्यात आधी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा आतून बसला होता. त्यावरून ही कल्पना निघाली.

गॅलरीचा काचेचा कठडा, डोक्यावरची काच, काचेच्या पायऱ्या, या ठिकाणी नुसती टफन्ड पुरेशी नाही, लॅमिनेटेडच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. टफन्ड काच फुटली की कठडाच नाहीसा होतो.

बसमध्ये लाल हातोडी असते ती कुठे मारायची?

खिडकीच्या कोपऱ्याजवळ, मधोमध नको. मधोमध काच लवचीकपणे दबते आणि मार वाया जातो. हातोडीचं टोक कठीण आणि अणकुचीदार असतं, जेणेकरून चीर दाबाचा थर भेदून आत जाईल. लॅमिनेटेड काचेवर ही युक्ती चालत नाही, म्हणून पुढच्या काचेवर वेळ घालवू नका.

मोबाइलची काच एवढी मजबूत म्हणतात, तरी का फुटते?

ती रसायनाने मजबूत केलेली असते. काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर जातात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात. दाटी झाल्याने पृष्ठभागावर कित्येकशे मेगापास्कल दाब बसतो, टफन्डपेक्षाही जास्त. पण हा थर जेमतेम काही डझन मायक्रॉन खोल असतो. गुळगुळीत फरशीवर फोन पडला तर बऱ्याचदा वाचतो. डांबरी रस्त्यावर खडीचं टोक थराच्या आरपार गेलं की संपलं. खिशातली वाळू आणि किल्ल्या आधीच काम करून ठेवतात. वरून लावलेल्या टेम्पर्ड ग्लासचा उपयोग खरा आहे. ओरखडे तो झेलतो आणि आतल्या काचेचा थर शाबूत राहतो.

तडा गेलेली काच दुरुस्त होते का?

गाडीच्या पुढच्या काचेवरचा लहान टवका होतो. त्यात पातळ रेझिन भरतात. त्याने टोकाशी साचणारा ताण कमी होतो आणि पाणी आत जात नाही, हे दोन्ही महत्त्वाचं. पण लवकर करा, धूळ-पाणी शिरायच्या आत. टफन्ड काच दुरुस्त होत नाही. तडा गेलेल्या चहाच्या ग्लासात पुन्हा गरम काही ओतू नका.

फुटलेल्या काचेवरून कारण कळतं का?

बऱ्याचदा कळतं, फक्त तुकडे झाडून टाकायच्या आधी पाहावे लागतात. तडे जिथून फाकलेले दिसतात तिथे उगम असतो. साध्या काचेत उगमाभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग, त्याच्या बाहेर धुरकट पट्टा आणि पुढे खडबडीत रेषा दिसतात. गुळगुळीत भाग जितका लहान, तितका फुटतानाचा ताण मोठा. मोजमाप करून तो ताण आकड्यातही काढता येतो. उगम कडेवर असेल तर बसवण्यात किंवा उष्णतेत शोधा, मधोमध आणि टवक्यासह असेल तर काहीतरी आदळलं. टफन्ड काचेत उगमाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे जोडून सापडले, तर निकेल सल्फाइडचा संशय घ्यायला जागा आहे. ते दोन तुकडे वेगळे काढून कागदात गुंडाळा, चौकटीत अडकलेल्या काचेचे फोटो काढा, आणि मगच केरसुणी घ्या. पुरवठादाराशी बोलताना तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.